अमेरिकी नोकरीचा व्हिसा : विद्या आणि जन्मदेश

अमेरिकेत नोकरीसाठी जाणाऱ्या भारतीय अभियंत्याला लागणाऱ्या एच-१बी व्हिसाचा इतिहास सहसा १९९० पासून सांगितला जातो. परंतु परदेशी माणसाची विद्या आणि त्याचा मूळ देश या दोन्ही गोष्टी एकाच वेळी तोलण्याची जी रीत या व्यवस्थेत मुरलेली आहे, ती त्याहून बरीच जुनी आहे.

१९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना अमेरिकेत प्रवेश नाकारला, मात्र डॉक्टर, वकील, शिक्षक व विद्यार्थी यांना त्या बंदीतून वगळले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले आणि अशा अपात्रांना स्थायिक होण्याची वाट १९२४ च्या कायद्याने बहुतेक बंद केली. १९४६ मध्ये ती उघडली, तीही वर्षाला १०० भारतीयांपुरती. १९५२ च्या कायद्याने प्रत्येक देशाच्या वाट्यातील निम्म्या जागा कुशल माणसांसाठी ठेवल्या आणि त्याच वेळी असाधारण गुणवत्तेच्या परदेशी व्यक्तीला तात्पुरत्या कामासाठी बोलावण्याकरता एच-१ हा वर्ग निर्माण केला. पण आशियाई वंशाचा माणूस अन्य कोठेही जन्मला तरी त्याची गणना पूर्वजांच्या देशाच्या तुटपुंज्या वाट्यातच होत असे.

ही वंशाधारित मोजणी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी सही केलेल्या कायद्याने मोडीत निघाली. पदवीधर व्यावसायिकांना स्वतंत्र प्राधान्यवर्ग मिळाला, आणि मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या तरुणांना थेट कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजेच ग्रीन कार्ड, घेऊन जाता येऊ लागले. १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले, त्यामागे बव्हंशी याच पिढीचे स्थैर्य होते. परंतु पूर्व गोलार्धातील कोणत्याही एका देशाला वर्षाला २०,००० हून अधिक जागा मिळू नयेत, अशी मर्यादा याच कायद्यात होती; भारतातून जाणारे थोडे होते तोवर तिची झळ कुणाला फारशी जाणवली नाही.

१९९० च्या कायद्याने एच-१ वर्गातून एच-१बी वेगळा काढला आणि तो किमान पदवीची गरज असलेल्या विशेष ज्ञानाच्या व्यवसायांशी जोडला. मुदत सहा वर्षे आणि नव्या मंजुऱ्यांची मर्यादा वर्षाला ६५,००० ठरली. तात्पुरत्या व्हिसावर असतानाच कायम वास्तव्याची इच्छा बाळगण्यासही या कायद्याने मुभा दिली. संगणक उद्योगाच्या मागणीमुळे १९९८ व २००० च्या कायद्यांनी ही मर्यादा काही वर्षांपुरती वाढवली आणि २००१ ते २००३ या आर्थिक वर्षांत ती १,९५,००० पर्यंत पोहोचली, तर २००४ मध्ये ती पूर्ववत ६५,००० झाली. अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी पुढे २०,००० जागा वाढवण्यात आल्या.

खरा पेच या वाढघटीत नसून दोन मोजमापांच्या विसंगतीत आहे. एच-१बीच्या संख्येवर देशनिहाय बंधन नाही, त्यामुळे त्यातील फार मोठा हिस्सा भारतीयांकडे जातो. ग्रीन कार्डांच्या वाटपात मात्र एका देशात जन्मलेल्यांना ढोबळमानाने सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही, आणि तेथे भारताची गणना एखाद्या चिमुकल्या देशाइतकीच होते. २००० च्या कायद्याने ग्रीन कार्डाच्या रांगेत अडकलेल्या एच-१बीधारकांना सहा वर्षांनंतरही मुदतवाढ घेण्याची सोय दिली. ती आवश्यक होती, परंतु तिच्यामुळे तात्पुरता म्हणून निर्मिलेला परवाना हजारो कुटुंबांच्या दीर्घ वास्तव्याचा एकमेव आधार बनला. नोकरी गेल्यास या कामगाराला नवा मालक शोधण्यासाठी साधारणतः साठ दिवसच मिळतात, मग त्याने तेथे घर घेतलेले असो वा मुले शाळेत घातलेली असोत. हा अन्याय सर्वांत कठोरपणे मुलांच्या वाट्याला येतो, कारण वयाच्या मोजणीतील काही सवलती वजा जाता एकविसाव्या वर्षी त्यांचा आश्रित म्हणून असलेला दर्जा संपतो आणि ज्या देशात ती लहानाची मोठी झाली तेथेच राहण्यासाठी त्यांना विद्यार्थी व्हिसासारखा नवा आधार शोधावा लागतो.