बिनबियांच्या द्राक्षाची भाताशी सोयरीक

नाशिक, सांगली आणि सोलापूर या मुलखांत पिकणाऱ्या थॉमसन द्राक्षाचे कूळ सांगताना इराण, तुर्कस्तान आणि कॅलिफोर्निया यांची नावे घेण्याची वहिवाट आहे. परंतु ज्या भूमीवाचून हे द्राक्ष आपल्या बाजारात ताठ मानेने उभेच राहिले नसते, त्या जपानी अंमलाखालील फोर्मोसा (आजचे तैवान) बेटाचे आणि तेथील रोगट भातखाचरांचे नाव या वंशावळीत क्वचितच येते.

सर्वश्रुत भाग थोडक्यात सांगतो. विल्यम थॉमसन या इंग्रज वसाहतकाराने 1872 मध्ये न्यूयॉर्क संस्थानातील एका रोपवाटिकेतून ‘लेडी डी कव्हर्ली’ नावाने काड्या मागवल्या, त्या कॅलिफोर्नियातील यूबा सिटीजवळ लावल्या आणि वेलीला त्याचे नाव चिकटले. वेल मात्र जुनीच होती. पश्चिम आशियातील किसमिस आणि सुलताना म्हणजे हीच, हे पुढे जनुकांच्या तपासणीने शाबीत झाले. महाराष्ट्रात ती स्थिरावली ती 1960 नंतरच्या दशकांत. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हे तिचेच येथील बागाईतदारांच्या नजरेने हेरलेले वंशज.

आता ज्या प्रश्नासाठी ही कैफियत मांडली आहे, त्याकडे वळतो. काबूलकडचा बेदाणा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येत होता. सोळाव्या शतकातील आयुर्वेदाचा ग्रंथकार भावमिश्र याने तर बिनबियांच्या द्राक्षाची गणना स्वतंत्रपणे केली असून ते आकाराने लहान असल्याचीही नोंद ठेवली आहे. दख्खनेत द्राक्षबागा होत्या, भोकरी आणि पांढरी साहेबी यांचे मांडव होते, आणि द्राक्षाची काडी दूर नेऊन लावणे ही काही अवघड गोष्ट नव्हे. असे असता बिनबियांची वेल इतकी शतके उंबरठ्याबाहेर का राहिली?

हवामानाचा दाखला देणारा पक्ष प्रबळ आहे. दख्खनेत कडक हिवाळा नसल्याने वेल झोपत नाही आणि वर्षातून दोनदा छाटावी लागते. त्यातही थॉमसनच्या काडीवरील तळाचे डोळे बहुधा वांझ निघत असल्याने आखूड छाटणी तिला मानवत नाही, हे सर्व खरे आहे. परंतु एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी ही जोडी भोकरीच्या बागांना ठाऊक होती, आणि काडी किती डोळ्यांवर तोडावी हा अखेर हातोटीचा प्रश्न असून, दाम मिळू लागताच आमच्या बागाईतदारांनी ती हातोटी आत्मसात केली. तेव्हा खरी अडचण भावमिश्राच्या त्या ‘लहान’पणात होती, असे माझे ठाम अनुमान आहे: सुकवून विकायला बारीक मणी चालतो, ताजा विकायला चालत नाही, आणि येथील बाजार ताज्या द्राक्षाचा होता.

मणी बारीक का राहतो, याचे उत्तर बियांत आहे. द्राक्षाच्या मण्यात चार बिया धरण्याची सोय असते, आणि बियांच्या एकाच घडात एक बी धरलेला मणी तीन-चार बिया धरलेल्या मण्याहून सहसा लहान भरतो. कारण वाढती बी ही भोवतालच्या गराला फुगण्याचा हुकूम देणारी संजीवके पुरवीत असते. थॉमसनमध्ये फलन होते, बी धरते, परंतु काही आठवड्यांतच तिची वाढ खुंटते व तिचा मऊ अवशेष तेवढा गरात राहतो. ज्यातून मनुकेसारखे ‘करंट’ होते ते काळे कोरिंथ द्राक्ष याहून निराळे. तेथे फलनावाचूनच फळ धरते आणि मणी आणखी बारीक राहतो. ग्रीसमधील बागवान म्हणूनच वेलीच्या सालीचे कडे काढून वरचा अन्नरस घडाकडे अडवीत; कॅलिफोर्नियातही थॉमसनवर तोच उपाय चाले, पण त्याने काम अर्धेच भागे.

उरलेले अर्धे भाताने भागवले. जपानी शेतकरी ज्याला ‘बाकानाए’, म्हणजे मूर्ख रोप, म्हणत, त्या रोगात भाताचे रोप फिकट पडून अकारण उंच वाढते आणि शेवटी कोलमडते. वनस्पतिरोगतज्ज्ञ एइची कुरोसावाने 1926 मध्ये फोर्मोसात असे दाखवले की, रोगाची बुरशी ज्या द्रवात वाढवली तो द्रव गाळून, बुरशी पूर्ण वगळून रोपांना दिला तरी ती तशीच उंच होतात. म्हणजे करामत बुरशीची नसून तिने सोडलेल्या द्रव्याची. रसायनशास्त्रज्ञ तेइजिरो याबुताने 1935 मध्ये त्याला जिबरेलिन हे नाव दिले, आणि 1938 मध्ये त्याचे स्फटिकही मिळाले. युद्धानंतर ही विद्या इंग्लंड-अमेरिकेत पोहोचली, आणि 1957-58च्या सुमारास कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संशोधक रॉबर्ट वीव्हर यांनी तेच द्रव्य थॉमसनच्या घडांवर वापरून मणी कितीतरी मोठे करून दाखवले. खुंटलेली बी जे पुरवू शकत नव्हती, ते भाताच्या बुरशीने पुरवले! आज आपला बागाईतदार मणी 3-4 मिलिमीटरचा झाला की लिटरभर पाण्यात सुमारे 40 मिलिग्रॅम ‘जीए’, म्हणजे जिबरेलिक आम्ल, विरघळवून घड बुडवतो, पुढे पुन्हा एकदा बुडवतो आणि 16-18 मिलिमीटरचा मणी मिळवतो, तो याच सोयरिकीच्या बळावर.

माझ्या अनुमानाला सर्वांत बळकट पुरावा जपानमध्येच सापडतो. तेथे 1960च्या सुमारास डेलावेअर या बियांच्या द्राक्षाचे घड फुलोऱ्याच्या सुमारे दोन आठवडे आधी जिबरेलिनमध्ये बुडवू लागले, तेव्हा बीच नाहीशी झाली. परंतु बी जाताच मणी लहान राहू लागला, म्हणून फुलोऱ्यानंतर तेच घड त्याच द्रव्यात दुसऱ्यांदा बुडवावे लागले. पहिल्या बुडवणीने बी घालवायची आणि दुसरीने तिची उणीव भरून काढायची, हा तेथील शिरस्ता आजही चालू आहे.