नावाआधीचा नाद : कूल जाझच्या आरंभाचा प्रश्न

कलेच्या इतिहासातील आरंभबिंदू बहुधा मागाहून ठरविला जातो. कूल जाझचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. माइल्स डेव्हिसच्या नऊ वादकांच्या संचाने सप्टेंबर १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या 'रॉयल रूस्ट'मध्ये अल्पकाळ वादन केले. जानेवारी १९४९ ते मार्च १९५० या अवधीत तीन बैठकींत त्याच्या बारा रचना ध्वनिमुद्रित झाल्या. १९५७ मध्ये त्यांतील अकरा रचना 'बर्थ ऑफ द कूल' या शीर्षकाने एका तबकडीवर एकत्र आल्या आणि त्या शीर्षकानेच 'जन्म' निश्चित केला. वस्तुतः फ्रेंच हॉर्न व ट्यूबा यांचा मंद, एकजीव स्वरपट क्लॉड थॉर्नहिलच्या वाद्यवृंदात, गिल इव्हान्सच्या स्वरलेखनातून, आधीच घडत होता. लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनमधील संयम तर त्याहूनही एक दशक जुना.

मुंबईत याच्या उलट घडले. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय संच ताजमहाल हॉटेलात वाजला. पुढे टेडी वेदरफोर्ड आला. त्यांच्या सहवासात गोमंतकीय वादकांची एक पिढी तयार झाली. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेल्या या वादकांना जाझ आत्मसात करणे सुकर गेले. त्यांपैकी हळदोण्याचे चिक चॉकलेट हे सी. रामचंद्रांचे सहायक होते. 'अलबेला' (१९५१) मध्ये ते वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. हे जाझ 'कूल' नव्हते. ते नृत्याचे, उष्ण लयीचे होते. परंतु गावोगावच्या प्रेक्षकापर्यंत ते पोचले ते 'चित्रपटगीत' म्हणूनच. १९५८ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यात डेव्ह ब्रूबेक मुंबईत आला, तेव्हा जाझ ही अमेरिकेने पाठविलेली वस्तू ठरली. येथे दोन दशके वाजत असलेला नाद मात्र बिननावाचाच राहिला.

तबकडी आणि शीर्षक लाभले की प्रयोगाची परंपरा होते; ती न लाभता सायंकाळच्या मजुरीवर झालेली निर्मिती 'पार्श्वसंगीत' ठरते. वाङ्मयेतिहासाचीही रीत याहून वेगळी नाही. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) पासून नवकाव्याचा आरंभ मोजताना आपणही एका ग्रंथाला जन्मतिथीचे प्रामाण्य देतो. ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र ज्यांना ग्रंथ, मुद्रण वा नाव मिळाले नाही त्यांचे काय, हा प्रश्न कालखंड पाडण्यापूर्वी विचारावयास हवा. अन्यथा इतिहास हा केवळ शीर्षकांचा इतिहास होईल.