भिंत कोणाला मिळते?

घोटीत आमच्या गटांच्या बैठकीत मागे एकदा हप्त्यांचा हिशोब बाजूला राहिला आणि भलताच वाद रंगला. सलमान खानही चित्रं काढतो म्हणून कोणीतरी मोबाईलवर दाखवलं. एक मावशी उसळल्या, "नट झाला, पैसा झाला, आता चित्रकारही व्हायचंय? आमच्या पोरींच्या चित्रांना कोण भिंत देतंय?"

मावशींचा राग खोटा नाही. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली. तिथे प्रदर्शन लावायला चित्रकार अर्ज करतात आणि वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघतात. अशा ठिकाणी नावाजलेला चेहरा आला की कॅमेरे तिकडेच वळणार.

पण आम्हाला कोल्हापूर आठवलं. अंबाबाईच्या दर्शनाला गेलो होतो, तेव्हा राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय पाहिलं होतं. चंद्रकांत म्हणजे 'सांगत्ये ऐका' आणि 'पवनाकाठचा धोंडी'मधले. आपल्या सासवांना नाव घेतलं की चेहरा आठवतो. त्यांनी आपलं राहतं घर आणि त्यातली चित्रं सरकारला देऊन टाकली. आत गेलो ते नटाचं घर बघायला, आणि थांबलो ती निसर्गचित्रं बघत. रंगाची कोरडी भुकटी कागदावर घासून काढलेले डोंगर, झाडं, पाणी. ब्रशाचा फटकारा कुठे दिसत नाही. आमच्यातली एकजण म्हणाली, "हे हौसेचं काम नाही गं, हात बसलेला आहे."

हात बसायला कारण होतं. चंद्रकांत हे बाबूराव पेंटर यांच्या तालमीतले. बाबूरावांचं पूर्ण नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०चा. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता हा माणूस सिनेमाकडे वळला आणि १९२० साली त्यांनी 'सैरंध्री' काढला. पुढे १९२५ साली 'सावकारी पाश'. सावकाराने जमीन गिळलेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट, बचत गटातल्या बायांना ती फोडून सांगायला नको! तोच चित्रपट १९३६ साली त्यांनी बोलपट म्हणून पुन्हा केला, त्यात चंद्रकांत होते. म्हणजे कोल्हापुरात रंग आणि सिनेमा एकाच अंगणात वाढले. अमोल पालेकरांचंही तसंच. 'गोलमाल'मुळे आपण त्यांना ओळखतो, पण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात ते चित्रकला शिकले, अभिनय नंतरचा. अशा माणसाला 'नट असून चित्रं काढतो' म्हणणं उलटंच झालं. त्यांना भिंत द्यायला आमची ना नाही. नुसत्या नावावर जो येईल, त्याने मात्र रांगेत उभं राहावं, असं आमचं मत.

आता मावशींच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. वारली लग्नात भिंतीवर चौक लिहितात. तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. रंग म्हणजे तांदळाचं पीठ. भात पिकवणाऱ्या आपल्या इगतपुरी तालुक्याला पिठाचं ते काय कौतुक, पण त्या पांढऱ्या रेषा जगभर गेल्या. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाचा मुहूर्त न बघता रोज चित्रं काढली, कागदावर काढली. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. त्यांची कला अस्सल होती, यात शंका नाही. पण ज्या बायांनी पिढ्यानपिढ्या चौक लिहिले, त्यांच्यातल्या कितींची नावं आपल्याला सांगता येतील? भिंत त्यांची होती, नाव मात्र भिंतीवर लिहायची रीत नव्हती. लग्न झालं, घर पुन्हा सारवलं, चित्र गेलं.

हे आम्हालाही भोवलं आहे. एका प्रदर्शनात आमच्या गटाच्या रंगवलेल्या पिशव्या होत्या. गिऱ्हाईक विचारायचं, "कोणी काढलंय हे?" आम्ही म्हणायचो, "गटाने." एका पाहुण्या बाईंनी त्याच पिशव्या हातात धरून फोटो काढला, आणि छापून आलं ते त्यांचं नाव.

त्या दिवशी वाद मिटला नाही, चहा मात्र दोनदा झाला. उठताना मावशींनीच काळा मार्कर मागून घेतला. आता प्रत्येक पिशवीच्या आतल्या कोपऱ्यात काढणारीचं नाव आणि खाली 'घोटी' असतं. बाहेरच्या बाजूला लिहायचं की आत, यावर पुढच्या बैठकीत बोलायचं ठरलंय.