एडिसन परिणाम
एडिसन परिणाम हा आविष्कार विजेच्या दिव्यातील एका दोषाचा शोध घेताना हाती आला. कार्बन-तंतूचे दिवे काही काळ जळल्यावर त्यांची काच आतून काळवंडत असे. त्याचे कारण शोधताना टॉमस एडिसन यांनी निर्वात फुग्यात धातूची स्वतंत्र पट्टी बसवली, तेव्हा ती विद्युत्‌स्रोताच्या धन टोकाला जोडल्यास तापलेला तंतू आणि पट्टी यांमधील पोकळीतून प्रवाह वाहतो, ऋण टोकाला जोडल्यास मात्र वाहत नाही, असे आढळले. १८८३ मध्ये त्यांनी याच्या पेटंटसाठी अर्ज केला; पण इलेक्ट्रॉनचा शोधच १८९७ मधला असल्याने या प्रवाहाचा उलगडा तेव्हा अशक्यच होता. एडिसन यांच्या लंडनमधील कंपनीचे सल्लागार राहिलेले जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये याच रचनेतून डायोड, म्हणजे प्रवाहाला एकाच दिशेने वाट देणारी दोन विद्युत्‌अग्रांची नलिका, सिद्ध करून ती बिनतारी संदेश टिपण्यासाठी वापरली. ली डी फॉरेस्ट यांनी तीत जाळीसारखे तिसरे अग्र घातले, आणि क्षीण संकेतांचे विवर्धन, म्हणजे त्यांची शक्ती वाढवणे, साधू लागल्यावर रेडिओ व दूर पल्ल्याची टेलिफोन-सेवा या नलिकांवर उभी राहिली.