धर्म न सोडता विवाह

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत ‘अमेरिकन महाराणी’चा विषय अधूनमधून निघतोच. १९२६ मध्ये गादी सोडलेले तिसरे तुकोजीराव होळकर यांचा मार्च १९२८ मध्ये बडवाह येथे सिॲटलच्या नॅन्सी ॲन मिलर यांच्याशी विवाह झाला. तत्पूर्वी नाशिक येथे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी त्यांना हिंदू धर्मात घेतले. त्या शर्मिष्ठादेवी झाल्या आणि धनगर समाजानेही त्यांना आपल्यात सामावून घेतले. राजाच्या घरीसुद्धा वधूने धर्म बदलल्यावरच अक्षता पडल्या.

त्या काळी दोघांनी आपापला धर्म राखून संसार मांडणे कठीणच होते. ब्रिटिश मुलखातल्या १८७२ च्या विशेष विवाह कायद्याचा आधार घ्यायचा, तर हिंदू, ख्रिस्ती आदी धर्म आपण मानत नाही, असे दोघांना लिहून द्यावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपसांतील विवाहापुरती यातून मोकळीक मिळाली. ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. कॅथलिक चर्चची अट निराळी होती. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार अन्यधर्मीयाशी विवाहास खास सूट लागे, आणि सर्व मुलांना कॅथलिक वळणाने वाढवण्याचे वचन वधूवर दोघांकडूनही घेतले जाई.

पुढे दोन्हीकडे बदल झाला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म नाकारण्याची अट काढून टाकली. तीस दिवसांची नोटीस पुरेशी ठरली. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी वचनाचा भार केवळ कॅथलिक जोडीदारावर ठेवला; दुसऱ्याला त्याची कल्पना देणे एवढेच उरले. बिशपांची सूट मात्र आजही लागते. तिच्यावाचून चर्च असा विवाह वैध मानत नाही.

कायद्याचे एक कलम मात्र आपल्या घरांत क्वचितच कोणाला ठाऊक असते. एकत्र कुटुंबातील हिंदूने कॅथलिक व्यक्तीशी १९५४ च्या कायद्याखाली विवाह केला, की कलम १९ अन्वये तो त्या कुटुंबातून विभक्त झाला असे मानले जाते. त्याचा हिस्सा बुडत नाही. परंतु पुढे त्याच्या मालमत्तेचा वारसा हिंदू वारसा कायद्याने नव्हे, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. दोन्ही पक्ष हिंदू, बौद्ध, शीख वा जैन असतील, तर १९७६ पासून हे लागू होत नाही.

बडा गणपतीच्या आसपास ज्यांची वडिलोपार्जित घरे अजून अविभक्त आहेत, त्यांनी हे कलम मुलामुलींना नोटीस देण्यापूर्वीच समजावून सांगावे. विवाह मोडण्यासाठी नव्हे. उद्या वाटणीचा कागद पुढे आला, की सुनेच्या धर्माला बोल लागू नये, यासाठी. शर्मिष्ठादेवींना धर्म सोडावा लागला. आजच्या सुनेला तो सोडावा लागत नाही. घराच्या हिशेबाचा दोष तिच्या माथी येणार नाही, एवढे पाहणे वडीलधाऱ्यांच्या हाती आहे.