फिल्टर, फडकं आणि नारू

कॉफीचा कागदी फिल्टर तूप गाळायला चालतो, कुंडीतली माती अडवायला चालतो. गंमत म्हणजे हा फिल्टर मुळात स्वतःच एक जुगाड! जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झ बाईंनी मुलाच्या वहीतला टीपकागद भोकं पाडलेल्या भांड्यात घालून कॉफी गाळली आणि १९०८ मध्ये पेटंट घेतलं.

आमच्या सोलापुरात हे काम जुन्या धोतराचं. त्यात चक्का बांधायचा, त्यानंच पाणी गाळायचं. आजी नळाला फडकं बांधायची तेव्हा मी हसायचो. मग नारूबद्दल वाचलं आणि हसू थांबलं.

पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरत. त्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवातून नारूची अळी पोटात जायची. वर्षभरानं दोन-तीन फुटांचा जंत पायातून बाहेर! महाराष्ट्रातही हा रोग होता. त्यावर ना लस, ना औषध. पण सायक्लॉप्स दुहेरी फडक्यात अडकतो. गाळलेलं पाणी, हातपंप आणि विहिरींत टाकलेलं औषध, एवढ्यावर देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला. २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

असो. आजी, तुझं फडकं बरोबर होतं :)