पास खरा, पण डबा कोणता?

वडाळ्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात, ‘एमएच-०३’ वाहनांची जिथे नोंद होते तिथे, पूर्वी कागद घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरावे लागे. आता परवान्यांची कामे ‘सारथी’ आणि वाहनांची कामे ‘वाहन’ या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रणालींवर होतात. अशा प्रणालीचे दार अर्जदार, छाननी करणारा कर्मचारी आणि मंजुरी देणारा अधिकारी असे सारेच ठोठावतात. सर्व्हरला प्रत्येकाबाबत दोन प्रश्न पडतात. हा कोण? आणि याला हे करण्याची मुभा आहे का? हे प्रश्न वेगळे आहेत आणि बहुतेक घोटाळे ते एक मानल्याने होतात.

वेबच्या ‘एचटीटीपी’ नियमावलीला स्मरणशक्ती नाही. प्रत्येक विनंती तिला नवीच. म्हणून एकदा परवलीचा शब्द जुळला की सर्व्हर ओळखीची खूण देतो. जुनी पद्धत बँकेतल्या पितळी बिल्ल्यासारखी होती: बिल्ल्यावर केवळ क्रमांक, तपशील आतल्या वहीत. नवे टोकन लोकलच्या मासिक पासासारखे आहे. वडाळा रोड ते सीएसएमटी, दर्जा, मुदत, सारे त्यावरच लिहिलेले. तपासनिसाला वही उघडावी लागत नाही. ‘जेडब्ल्यूटी’ या टोकनाचे प्रमाणित रूप मे २०१५मध्ये ठरले. त्यातील मजकूर सहसा गुप्त नसतो, कोणीही वाचू शकतो. सर्व्हरच्या डिजिटल स्वाक्षरीमुळे तो बदलता मात्र येत नाही.

पण खरा पास असूनही दुसऱ्या दर्जाचा प्रवासी पहिल्या दर्जाच्या डब्यात बसू शकत नाही. ओळखच पटली नाही तर सर्व्हर ४०१ हा संकेत देतो. ओळख पटली, पण अधिकार नाही, तर ४०३. हा अधिकार व्यक्तीला नव्हे तर पदाला, म्हणजे भूमिकेला जोडावा, ही मांडणी डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२मध्ये केली; २००४मध्ये ती अमेरिकेत मानक ठरली. सरकारी कचेरीला यात नवे ते काय, असे कोणी म्हणेल. खुर्ची बदलली की सहीचा अधिकारही बदलतो, हे तिथे आधीपासूनच ठाऊक आहे.

अडचण बदलीच्या दिवशी येते. छापलेला पास परत मागवता येत नाही, तसेच टोकनात भूमिका लिहिलेली असेल तर मुदत संपेपर्यंत जुना अधिकार चालूच राहतो. म्हणून टोकनाची मुदत काही मिनिटांचीच ठेवतात आणि मंजुरीसारख्या नाजूक कामाआधी भूमिका पुन्हा मूळ नोंदीतून तपासतात. त्यासाठी वही उघडावी लागते आणि वेग थोडा कमी होतो. हा सौदा परवडणारा आहे.

पडद्यावरचे ‘मंजूर’ हे बटण लपवणे म्हणजे तपासणी नव्हे. बटण दिसत नसले तरी विनंती थेट सर्व्हरकडे धाडता येते. पत्त्यातील अर्जक्रमांक बदलून शेजाऱ्याचा अर्ज उघडण्याचा प्रयत्नही करता येतो. वेबसुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवॅस्प’ संस्थेने २०२१च्या धोक्यांच्या यादीत अधिकारतपासणीतील अशा त्रुटींना पहिले स्थान दिले. २०१७च्या यादीत त्या पाचव्या होत्या.